मावशीच्या पोटातली अंगठी

पहिलं बोट मोडल्याचा आवाज आला तेव्हा मास्तरीण अंगणात सायकल लावत होती. आवाज तो केवढा, वाळलेली शेंग फोडावी एवढासा. पण त्यामागून जी किंकाळी आली ती तिच्या नवऱ्याची होती, आणि नऊ वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला मोठ्यानं शिंकतानासुद्धा ऐकलं नव्हतं. सायकल तशीच आडवी टाकून ती गोठ्याकडे धावली.

गोठ्यात दाराजवळ चारा कापायचं यंत्र होतं. लोखंडी चाक, चाकाला दोन पाती. एका बाजूनं वैरण आत सारायची की दुसऱ्या बाजूनं बोटभर लांबीचे तुकडे पडायचे. त्या यंत्राच्या खांबाला तिचा नवरा म्हशीच्या दाव्यानं बांधलेला होता. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला, सदऱ्याची बटणं तुटून पडलेली. बटणं त्याची त्यानंच लावली होती, कारण तो शिंपी होता. समोर तिचा थोरला भाऊ उभा होता, आणि चाऱ्याच्या ढिगावर खाटीक बसला होता, दुसऱ्याच्या घरातलं भांडण बघायला मिळालेल्या माणसाच्या समाधानानं.

शिंप्याला या घरात पाहुणा म्हणत. लग्नानंतर वर्षभरात त्याच्या दुकानाला आग लागली, आणि नवरा-बायको तिच्या माहेरी मागच्या खोलीत आली ती "थोडे दिवस". खोलीला दोनदा रंग लावून झाला तरी दादाच्या तोंडी तो पाहुणाच राहिला. आधी दादा ते चेष्टेनं म्हणायचा. आई गेल्यावर त्यातली चेष्टा गेली आणि नुसता शब्द उरला.

"अंगठी कुठाय?" दादा विचारत होता.

आवाज चढलेला नव्हता. दादाचा आवाज खाली आला की म्हशीसुद्धा रवंथ थांबवायच्या. दादा मनानं वाईट नाही असं लोक म्हणत, आणि ज्याच्याबद्दल असं आवर्जून सांगावं लागतं त्याच्यापासून दोन हात लांब राहिलेलं बरं. गेल्या साली त्यानं दूध पळवणाऱ्या एका गड्याच्या कानाचा पडदा फाडला होता आणि मग स्वतःच त्याला दवाखान्यात नेलं होतं.

अंगठी आईची होती. आई अंगानं भरलेली होती त्या काळातली, मोठ्या घेराची. पुढे आजारपणात आईचं बोट काडीसारखं झालं, अंगठी गळून पडायला लागली, तेव्हा आईनं जावयाच्या रिळातला लाल दोरा घेऊन ती गुंडाळली. बोट जसजसं वाळत गेलं तसे वेढे वाढत गेले. "माझ्यामागं ही तुझी," असं ती मुलीला म्हणायची, पण म्हणायची तेव्हा खोलीत दोघीच असायच्या. आई गेली त्या वेळी उशाशी दादा होता. त्यानं अंगठी काढून आपल्या करंगळीत घातली. दोऱ्यामुळे ती त्याला अर्ध्यातच अडकायची. दोरा सोडवला असता तर नीट बसली असती, पण तो त्यानंही सोडवला नाही. आंबोण कालवायच्या वेळी, म्हणजे भुसा आणि पेंड पाण्यात भिजवून म्हशींचं खाणं तयार करताना, तो ती काढून टबावरच्या खिळ्याला अडकवायचा.

महिन्यापूर्वी ती त्या खिळ्यावरून नाहीशी झाली. घेतली मास्तरणीनं, हे आत्ताच सांगून टाकतो. शाळेला निघताना तिला खिळ्यावरचा लाल दोरा दिसला, आणि आईचं बोटच कुणीतरी टांगून ठेवलंय असं तिला वाटलं. तिनं अंगठी उचलली आणि आपल्या खडूच्या डब्यात तळाशी दडवली. भीती वाटायला लागली ती नंतर, दादानं गोठ्यातलं शेण हातानं चाळायला सुरुवात केली तेव्हा. मग परत द्यायची सोय उरली नाही.

महिनाभर दादाचा संशय वारा येईल तसा फिरत होता. आज खाटीक आजारी म्हैस न्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, तुमचा पाहुणा काल सोनाराच्या दुकानात बसला होता की. खाटकाला एवढं पुरलं, आणि दादालाही.

"दादा, सोड त्यांना," मास्तरीण म्हणाली. "अंगठी मी घेतली."

दादानं मान वळवूनही पाहिलं नाही. "नवऱ्यासाठी बायका याहून मोठं खोटं बोलतात," तो म्हणाला आणि त्यानं पाहुण्याच्या डाव्या हाताचं दुसरं बोट मागे वाकवलं. या वेळी आवाज जरा मोठा आला. पाहुणा दाव्यावर लोंबकळला. पण सोनाराकडे कशाला गेला होता ते त्यानं सांगितलं नाही. बायकोकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

खोलीत जाऊन अंगठी आणून दाखवावी, असं क्षणभर मास्तरणीच्या मनात आलं. पण मग अंगठी त्यांच्या खोलीत सापडली एवढंच सिद्ध झालं असतं. बायकोनं घेतली म्हणजे नवऱ्यानं घ्यायला लावली, हा हिशेब दादाच्या डोक्यात कायमचा मांडलेला होता. अंगठी सापडायलाच हवी होती, आणि जिथं पाहुण्याचा हात पोचणं शक्यच नाही अशा जागी सापडायला हवी होती.

गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला मावशी उभी होती. मावशी म्हणजे दावणीतली सगळ्यात जुनी म्हैस, आईच्या हातची. आठवडाभर तिनं रवंथ सोडला होता. पाठ कमानीसारखी वर काढून, पुढचे पाय फाकवून ती उभी राहायची आणि बसताना माणसासारखी कण्हायची. तार गिळली असणार हे गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आणि म्हणूनच खाटीक आला होता.

"दादा, अंगठी मावशीच्या पोटात आहे," मास्तरीण म्हणाली.

दादाचा हात तिसऱ्या बोटावर थांबला.

"खिळा टबाच्या बरोबर वर आहे. अंगठी आंबोणात पडली असणार. म्हैस खाताना चावत बसत नाही, गिळते, चावायचं काम मागाहून सावकाश करते. गिळलेल्यात जे जड असेल, खिळा म्हण, तार म्हण, ते दुसऱ्या कप्प्यात पडतं आणि तिथंच राहतं. शेणातून येत नाही. तू महिनाभर शेण चाळलंस, मिळाली का?"

दादा विचार करायला लागला. मास्तरणीच्या शास्त्रावर त्याचा भरवसा होता, आणि तो तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून कमावलेला होता.

दर वर्षी पचनाचा धडा आला की ती वर्गात एक प्रयोग लावायची. त्यासाठी म्हशीच्या पोटातलं हिरवं पाणी लागायचं, आणि ते कापडातून गाळून, थर्मासात भरून दादाच खाटकाकडून आणायचा. ती ते बरणीत ओतायची, झाकण लावायची आणि झाकणातून दोन दोरे आत सोडायची, एक नायलॉनचा, एक सुती, दोन्हींच्या टोकाला एकेक लोखंडी नट. बरणी म्हशीच्या अंगाइतकी गरम ठेवायची. "पान ऊन खातं," ती मुलांना सांगायची. "ऊन, पाणी आणि हवा यांची साखर करतं. मग तीच साखर एकापुढे एक, एकापुढे एक अशी ओवून त्याची दोरी करतं. गवत म्हणजे तीच दोरी, कापूस म्हणजेही तीच. तुमच्या-माझ्या पोटाला तिची गाठ सुटत नाही. खरं तर म्हशीलाही सुटत नाही. तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात, ते दोरी कुरतडतात. दोरी ते खातात आणि त्यांना म्हैस खाते." चार-पाच दिवस गेले की एखाद्या तासाला सुती दोरा तुटायचा आणि नट बरणीच्या तळाशी वाजायचा. नायलॉनचा तसाच राहायचा. एकदा दादा थर्मास परत न्यायला आला आणि नेमका तेव्हाच नट पडला. वर्गात सगळ्यांत आधी टाळी त्यानं वाजवली. नंतर कितीतरी दिवस तो भेटेल त्याला सांगत होता, आमची बहीण म्हशीचं पोट बरणीत ठेवते.

"आणि नाही निघाली तर?" दादानं विचारलं.

उत्तर त्यानंच दिलं.

"नाही निघाली तर पाहुण्याचा उजवा हात मनगटापर्यंत या यंत्रात जाईल. चाक मी फिरवीन. निघाली तर त्याला सोडीन. खाटका, तू साक्षीला आहेस."

खाटकानं पाय हलवायचं थांबवलं. दादा शब्दाचा पक्का होता. त्याच्या शब्दाची लोकांना त्याच्या हातापेक्षा जास्त धास्ती होती. आणि पाहुण्याचा उजवा हात म्हणजे कात्रीचा, सुईचा हात. डाव्या हाताची बोटं जुळली असती. उजवा गेल्यावर शिंपी म्हणून काही उरणार नव्हतं.

"कप्पा मी उघडणार," मास्तरीण म्हणाली. "कुठं बघायचं ते तुम्हाला कळणार नाही." एवढं बोलून ती खोलीत गेली, वर्गात बेडूक कापायची सुरी घेतली, आणि खडूच्या डब्यातून अंगठी काढून डाव्या मुठीत घेतली. अंगठीवर खडूची भुकटी बसली होती. तिनं ती पदराला पुसली, दोरा विस्कटू नये म्हणून हलक्या हातानं.

मावशीला मोकळ्यावर आणलं. ती आपणहून आली, तेवढंच तिचं चुकलं. खाटकानं कपाळावर घण घातला, पण तो नीट बसला नाही. मावशी गुडघ्यांवर आली, हंबरली आणि पुन्हा उठायला लागली. दादानं खाटकाच्या हातातून घण हिसकावला. दुसरा घाव त्यानं घातला, आणि कवटी आत गेल्याचा आवाज सगळ्या दावणीनं ऐकला. बाकीच्या म्हशी दावी ताणून मागे सरकल्या. मग गळ्यावर सुरी फिरली. रक्त उसळून दादाच्या छातीवर, तोंडावर, डोळ्यांत गेलं. तो ढसाढसा रडत होता आणि रडत रडत सुरी ओढत होता. या म्हशीचं दूध पिऊन त्याची दोन मुलं वाढली होती. ते पाहून मास्तरणीला भावाची दया आली, आणि दया आल्याची भीती वाटली, कारण या रडण्याची भरपाई तो कुणाकडून तरी घेणार हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

खाटकानं पोट फाडलं. मोठा कप्पा पोत्याएवढा, फुगलेला, वाफाळता बाहेर आला. त्याला चीर गेली तशी आंबलेल्या गवताची वाफ सगळ्यांच्या तोंडावर आली आणि हिरवा लगदा खाटकाच्या पायांवर वाहिला. मास्तरीण त्यातच गुडघे टेकून बसली. बाह्या वर सारल्या. मोठ्या कप्प्याच्या पुढे, छातीच्या पडद्याला चिकटून, डोक्याएवढा दुसरा कप्पा होता. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आतून घरं असलेला. तिनं तो चिरला, मिटलेला डावा हात आत घातला आणि मूठ उघडली.

आत खरोखरच लोखंड होतं. दोन खिळे, एक गंजका नट, आणि बोटभर तार, जी कप्प्याची भिंत भेदून काळजाच्या दिशेनं निघाली होती. तारेनं तिचं मधलं बोट फाटलं. तिनं सगळं एकत्र चिमटीत धरून बाहेर काढलं आणि तळहात पुढे केला. शेण, रक्त, खिळे, आणि मधे पिवळं काहीतरी.

"सापडली," खाटीक पुटपुटला. त्याचा चेहरा पडला होता. पाहुण्याचा हात जाताना बघायला मिळेल अशी त्याची समजूत झाली होती.

पाहुणा खांबाला बांधल्या जागी रडायला लागला. फाटक्या ओठांनी तो हसतही होता. "बघा," तो म्हणाला. "बघा दादा."

दादानं अंगठी उचलली, पाण्याच्या बादलीत बुचकळली आणि उन्हात धरली. आणि त्याच क्षणी मास्तरणीच्या पायाखालची जमीन सरकली. धुतलेल्या अंगठीवर लाल दोरा होता. एकही वेढा सैल झाला नव्हता. महिनाभर म्हशीच्या पोटात राहिलेला सुती दोरा. तिनं तो शंभरदा पाहिला होता, आत्ता पदरानं जपून पुसला होता, पण तो तिला कधी सूत म्हणून दिसलाच नव्हता. आई म्हणून दिसला होता. वर्गात दर वर्षी ती जे मुलांना शिकवायची ते या दोऱ्यालाही लागू आहे असं तिच्या मनात आलं नव्हतं.

दादा बराच वेळ अंगठी फिरवून फिरवून बघत होता. मग त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "पाहुण्या, आईनं अंगठीला गुंडाळला तो दोरा कसला रे होता? नायलॉनचा?"

मास्तरणीनं नवऱ्याकडे पाहिलं. हो म्हणा, हो म्हणा, असं तिला ओरडावंसं वाटलं, पण दादाचे डोळे तिच्यावरच होते. पाहुण्याला वाटलं, अंगठी तीच आहे ना, याची खात्री करून घेतायत. आपल्या धंद्यातला प्रश्न आल्यावर त्या तसल्या अवस्थेतही त्याची मान ताठ झाली.

"छे, नायलॉन कुठला," तो म्हणाला. "पक्का सुती. आईंना नायलॉन टोचायचा. मीच काढून दिला होता."

"सुती," दादा म्हणाला.

त्यानं पाहुण्याचं दावं सोडलं. खाटकासमोर दिलेला शब्द खाटकासमोर पाळला. खाटीक मावशीचं मांस गाडीत भरून निघून जाईपर्यंत तो थांबला. मग घरात गेला आणि शाळेतली ती काचेची बरणी घेऊन आला. प्रयोग नसला की ती स्वयंपाकघरातच पडलेली असायची. बहिणीच्या डोळ्यांदेखत त्यानं मोठ्या कप्प्यातलं पाणी कापडातून गाळून बरणी काठोकाठ भरली, अगदी ती वर्गात भरायची तशी. अंगठीवरचा दोरा त्यानं नखानं एकेक वेढा उलगडला. चांगला हातभर निघाला. एका टोकाला अंगठी बांधली, दुसरं टोक झाकणातून ओवलं.

"शब्द पाहुण्याच्या हाताचा होता," तो म्हणाला. "तुझ्या हाताचा नव्हता. खडू कुठल्या हातानं धरतेस?"

तिनं उजवा हात पाठीमागे नेला. लहानपणी खाऊ लपवताना न्यायची तसाच.

"घाबरू नको. दोरा आईचा आहे. दोरा आहे तोवर मी तुला बोट लावणार नाही. मावशीला माझ्या हातानं मारायला लावलंस तू. आईची मावशी." त्यानं बरणीचं झाकण घट्ट केलं. "अंगठी तळाला पडली की मी येतो."

पाहुण्याची बोटं दवाखान्यात बांधून आणली. सूज उतरेपर्यंत दोन दिवस त्याला हलवू नका, असं डॉक्टर म्हणाले. मास्तरणीनं मनाशी हिशेब केला. बरणी गरम असली तर चार दिवस. पण गार पाण्यात ते जीव सुस्तावतात, खायचं जवळजवळ सोडून देतात. बरणी गार राहिली तर दोन आठवडे कुठं गेले नाहीत, आणि तेवढ्यात दादाचा राग उतरेल, किंवा दुसऱ्या गावी खोली तरी मिळेल. संध्याकाळी दादा धार काढायला गेल्यावर तिनं बरणी स्वयंपाकघरातून उचलली आणि मोरीतल्या ओल्या फरशीवर, भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवली. काचेला हात लावून पाहिला. गार होत होती.

सकाळी ती मोरीत गेली तर बरणी नव्हती.

ती आंबोणाचं पाणी तापवायच्या चुलीशेजारी होती. निखाऱ्यांच्या अगदी जवळ नाही, फार लांबही नाही. आईच्या जुन्या शालीत चहूकडून गुंडाळलेली. तिनं शालीत हात घातला. काच म्हशीच्या पोटाइतकी गरम होती. दोऱ्याचा लाल रंग विटला होता आणि मधे एका जागी त्याचे तंतू पिंजून फुलले होते. किती गरम ठेवायची, हेसुद्धा दादाला तिनंच शिकवलं होतं.

ती मागच्या खोलीत आली आणि कपडे पिशवीत कोंबायला लागली.

"हे काय?" पाहुणा उठून बसला. "आता कशाला जायचं? सापडली ना."

"अंगठी मी घेतली होती," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मीच ठेवली आत. दादाला कळलंय."

पाहुणा बांधलेला हात मांडीवर नीट ठेवत बसला.

"तुम्ही मार खाल्लात तो माझ्यामुळे. कळतंय का तुम्हाला?"

"खडूच्या डब्यात होती," तो म्हणाला. "पेन्सिल शोधताना दिसली होती मला. तुला ती हवी होती, म्हणून म्हटलं, सोनाराकडनं तशीच दुसरी करून घ्यावी आणि खिळ्याला अडकवावी. दोरा काय, माझ्याकडे होताच."

मास्तरीण पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. भिंतीपलीकडे लाकूड फोडल्याचा आवाज आला. मग दादानं ते चुलीत सारलं आणि जाळ नीट करत बसला.